मिनआयन (डीएनए वाचायचं यंत्र): फ्लो सेलचे पोअर गेले, मदत हवी आहे (अर्जंट)

सत्तरीकर७
नमस्कार मंडळी. चोर्ल्याला बेडकांच्या कामासाठी आलोय. फ्लो सेल (यंत्रात बसवायचा, डीएनए वाचणारा भाग) तपासला तर चालू पोअर (डीएनए जायची सूक्ष्म छिद्रं) फक्त १४०! परवा सकाळी परत व्हाळावर (ओढ्यावर) जायचंय आणि एकच सेल उरलाय. काय चुकलं असेल? 'गूगल कर' म्हणू नका, इथं व्हरांड्याच्या एका कोपऱ्यातच रेंज येते.

पिपेटवाली
निघायच्या आधी किती होते? किट (डीएनए वाचायला तयार करायची रसायनं) कोणतं? सेल नेला कसा? एवढ्याशा माहितीवर कोण काय सांगणार?

गच्चीवरून
हवेचा बुडबुडा, दुसरं काही नाही. प्रायमिंगचं (नमुन्याआधी सेलमध्ये द्रव भरायचं) पोर्ट उघडलं की आधी २०-३० मायक्रोलिटर मागे ओढून घ्यायचं असतं. नवीन पोरं तेच विसरतात. बुडबुडा पोअरवरून गेला की ते कायमचे गेले.

सत्तरीकर७
प्रायमिंगपर्यंत पोचलोच नाही हो. नुसत्या तपासणीत १४०. लॅबमध्ये आठ दिवसांपूर्वी १३०० च्या वर होते. किट रॅपिड बारकोडिंगचं (नमुन्यांना खुणा लावून एकत्र वाचायचं).

गच्चीवरून
तरी बुडबुडाच. गाडीत हिसके बसले असणार, चोर्ला घाट मला माहीत आहे.

पिपेटवाली
घाट लागतो तो माणसांना, पोअरना नाही. ८०० च्या खाली असेल तर कंपनीसुद्धा तो सेल चांगला मानत नाही, आणि हा १४० वर आलाय. सत्तरीकर, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

इसवणप्रेमी
हे यंत्र खिशात मावतं म्हणे? मडगावच्या बाजारात इसवण (सुरमई) म्हणून भलतंच काही गळ्यात मारतात का ते कळेल का? २०१८ च्या फॉर्मेलिन प्रकरणापासून (मासळी टिकवायला रसायन लावल्याचं) माझा मासळीवरचा विश्वासच उडालाय.

पिपेटवाली
जात कळेल. फॉर्मेलिन नाही कळणार, उलट त्यानं डीएनए खराब होतो. वेगळा धागा काढा ना.

निवृत्तमास्तर
बेडूक ओळखायला यंत्र कशाला? पहिल्या पावसात टॉर्च घेऊन दोन रात्री बसा, आवाजावरून जात सांगता येते. आमच्या लहानपणी सत्तरीत पावसाळ्यात झोप लागत नसे, एवढा गलका. आता अर्धे ताटात गेले. जंपिंग चिकन म्हणे! कायद्यानं बंदी आहे तरी.

सत्तरीकर७
मास्तर, आवाज नर काढतो. माद्या आणि भैरी (डोंबे हो, शेपटीवाली पिल्लं) गप्पच असतात. शिवाय सड्यावरचे (कातळ पठारावरचे) मिनर्वार्या बेडूक एकसारखे दिसतात. 'मिनर्वार्या गोएमची' २०१८ मध्ये वेगळी जात ठरली, तीसुद्धा डीएनए जोडीला घेऊनच.
पिपेटवाली ताई, थर्माकोलच्या डब्यात नेला. खाली-वर जेल पॅक, मध्ये सेल. किटमधल्या एन्झाइमला उणे २० लागतं म्हणून पॅक दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवलेले.

पिपेटवाली
म्हणजे किट आणि सेल एकाच डब्यात?

सत्तरीकर७
हो. दोन डबे उचलणार कोण?

पिपेटवाली
तिथंच घोळ झाला. किट गोठलेलं हवं, सेल २ ते ८ अंशात. सेल गोठला की आतली पडदी टिकत नाही. दुसरा सेल कुठाय?

सत्तरीकर७
त्याच डब्यात होता!! पण सगळ्यात वर, टॉवेलात. आत्ता काढून होमस्टेच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवला, दुधाच्या पिशवीशेजारी. काकू विचारतायत, हे खायचं की काय.

पिपेटवाली
मागच्या भिंतीला टेकवू नको, तिथं बर्फ धरतो.

गच्चीवरून
पडदी फाटली काय नि बुडबुडा गेला काय, परिणाम तोच. मी तेच म्हणत होतो.

रानवाटा
वनखात्याची परवानगी आहे ना? पायाचं बोट कापून नमुना घेत असाल तर मला पटत नाही. तोंडातला स्वॅब पुरतो.

सत्तरीकर७
परवानगी आहे. स्वॅबच घेतो.
अपडेट: दुसऱ्यात ८७०! उद्याच चालवतो.

पिपेटवाली
थांब. रॅपिड किट म्हणालास. बेडकांसाठी १६एस (जात ओळखायचा जनुक) करतोयस ना? तो तुकडा जेमतेम साडेपाचशे बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा). रॅपिडमधला एन्झाइम डीएनए मधेच तोडतो, अर्धवट रीड (वाचलेले तुकडे) येतील. लायगेशन किट (डीएनए न तोडणारं) आहे का? आणि एक: सॉफ्टवेअरला रन सुरू करताना इंटरनेट लागतं, ऑफलाइनची सोय आधी मागून घ्यावी लागते.

सत्तरीकर७
लायगेशन वाळपईला मित्राकडे पडलंय, जाऊन आणतो. ऑफलाइनचं आत्ताच कळतंय. रन व्हरांड्याच्या कोपऱ्यात सुरू करतो, मग लॅपटॉप आत.

इसवणप्रेमी
वाळपईहून येतोयस तर थोडी जागा असेल का डब्यात? एक तुकडा पाठवतो.

पिपेटवाली
लायगेशनचे बीड्स (डीएनए धुवायचे मणी) किटसोबत फ्रीझरमध्ये राहिले तरी चालतात. आणि प्रायमर (१६एसचा तुकडा वाढवायला लागणारे) कोणते ते अजून सांगितलं नाहीस.