विषय: कळसूबाई – जॅकेटची मापं गुरुवारपर्यंत हवीत

सचिव (ग्लासगो):
मंडळी, कळसूबाईच्या पावसाळी ट्रेकला नाव दिलेल्यांनी जॅकेटची मापं गुरुवारपर्यंत कळवा. एकगठ्ठा घेतली तर दुकानदार सूट देतोय. शाळांना सुट्टी लागली की जो तो आपापल्या तारखेला मुंबईत उतरणार, मग कोणी हाताला लागत नाही. लोहगडाचा विषय कृपया इथे काढू नये.

माई (परळ):
अहो, जॅकेटं तिकडून कशाला वाहून आणताय? पावसाळ्यात दादरला रस्त्यावर रेनकोट, पोंचो, विंडचीटर लटकलेलेच असतात. त्या वजनाची चॉकलेटं आणा, पोरं दुवा देतील.

खजिनदार (ग्लासगो):
माईंना अनुमोदन. शिवाय एकगठ्ठा खरेदी कोणत्या सभेत ठरली? पैशाचे विषय आधी माझ्याकडे यावेत. टी-शर्टांचा हिशोब अजून लागलेला नाही, आणि ते सगळे सुती होते हेही आठवा.

सचिव:
खरेदी नाही, फक्त मापं मागितली. ग्लासगोजवळच्या बेन लोमंड डोंगरावर ज्यांच्याकडे जॅकेट नव्हतं त्यांचे हाल सगळ्यांनी पाहिलेत.

भाऊ (ठाणे):
बेन लोमंडचं गणित इथे लावू नका. तिथला पाऊस गार, इथे पायथ्याच्या बारी गावातून निघाल तेव्हा हवा नुसती कोंदट. ते महागडं जॅकेट आतली वाफ बाहेर टाकतं, पण बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असली की वाफ जाणार कुठे? पहिल्या अर्ध्या तासात पावसाऐवजी घामानेच आतून भिजाल. म्हणून चढताना जॅकेट सॅकमध्ये आणि अंगात ड्रायफिट, म्हणजे लवकर सुकणारा टी-शर्ट. भिजायचंच आहे, खुशाल भिजा.

जॅकेट लागतं ते वर. कळसूबाई १६४६ मीटर, तुमच्या स्कॉटलंडच्या सर्वांत उंच बेन नेव्हिसपेक्षा ३०० मीटरने उंच. हजार मीटरला साधारण सहा अंश उतरतात, म्हणजे मुंबईत २८ असेल तर माथ्यावर १८च्या आसपास. १८ ऐकून ग्लासगोकर हसतील. हसा. पण शनिवार-रविवारी लोखंडी शिड्यांखाली रांग लागते. चालणं थांबलं, अंगावर ओला कपडा आणि ढगातून सुटलेला वारा, की दात वाजायला लागतात. माणूस गारठतो तो चढताना नाही, त्या रांगेत. तिथे पोचायच्या आधीच विंडचीटर चढवायचा, कुडकुडायला लागल्यावर नव्हे.

जीन्स अजिबात नको, भिजली की गुडघा उचलत नाही. पोंचो शिडीवर बाद: वारा खालून शिरतो, पोंचो तोंडावर येतो आणि पायरी दिसत नाही. सॅकमध्ये एक कोरडा टी-शर्ट आणि फ्लीस, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी जातंच.

वहिनी (ग्लासगो):
छत्री चालेल ना?

भाऊ:
बारीत चहा पिताना चालेल.

अण्णा (दादर):
हे फ्लीस नि ड्रायफिट तुम्हीच घाला. आमच्या वेळी खांद्यावर घोंगडी टाकली की काम झालं. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, हे मेंढपाळाला कोणी शिकवायला गेलं नव्हतं. त्या भागात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत शेतात बायका पाठीवर इरलं घेऊन वाकलेल्या असत. बांबूच्या कामट्या, मध्ये पळसाची पानं, डोक्यापासून कमरेपर्यंत. दोन्ही हात मोकळे! तुमच्या पोंचोला ते जमतं का? आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद दिसतो, तोही कामाचा आहे म्हणा.

भाऊ:
अण्णा, घोंगडीला तोड नाही. पण भिजलेली घोंगडी शिडीवरून वर कोण नेणार? मागच्या खेपेला तुमची सॅकसुद्धा मीच उचलली होती.

अण्णा:
ती सॅक नव्हती, फराळाचा डबा होता. आणि तो संपवलाही तूच.

वहिनी:
बुटांचं कोणीच बोललं नाही. मुलांचे गमबूट आणू का?

भाऊ:
नको. ओढ्यात वरून पाणी भरलं की आतच राहतं, पाय दगडासारखा. खाचांचा रबरी सोल असलेले, पाणी निथळणारे बूट आणा. आणि कसलाही बूट असो, शेवाळलेल्या कातळावर भरवसा नाही.

माई:
रांगेचा एवढा त्रास असेल तर रविवार हवाच कशाला? बुधवारी जाऊ. मी रिकामीच असते.

खजिनदार:
बुधवारी मुंबईच्या लोकांना सुट्टी कोण देणार? बाकी जॅकेटाचा प्रश्न मिटला असं मी धरतो.

सचिव:
मिटलेला नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपापलं आणावं, ज्यांच्याकडे नाही त्यांनी माईंसोबत दादरला जाऊन विंडचीटर घ्यावा, टोपी नाडीची असलेला. गुरुवारपर्यंत आता मापांऐवजी एवढंच कळवा: रविवार की बुधवार. कसाऱ्याहून जीप सांगायच्या आहेत.

माई:
रविवार ठरला तर त्या दिवशी कोणाकोणाचा उपास आहे तेही लिहा. बारीत जेवण सांगताना वेगळं सांगावं लागतं.