चौकशी नेहमी तिच्यापासूनच का सुरू होते?

खेतवाडीची :
माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला सात वर्षे झाली. मूल होत नाही म्हणून पहिल्या चार वर्षांत तिच्यावर जे जे करता येण्याजोगे होते ते सारे करून झाले. रक्ताच्या तपासण्या, गर्भनलिकांची तपासणी, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, सोळा सोमवार आणि मध्येच कोणीतरी सुचवले म्हणून त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी. चौथ्या वर्षी डॉक्टर बदलले, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, "यांचा रिपोर्ट कुठे आहे?" तो कुठेच नव्हता, कारण "आमच्या घराण्यात असले काही नाही" या सासूबाईंच्या एका वाक्यावर त्या तपासणीचा निकाल आधीच लागलेला होता. तपासणी झाली. शुक्रजंतू जवळजवळ नव्हतेच.

त्याच संध्याकाळी घरात ठरले की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाणार नाही. तोपर्यंत बहिणीच्या नलिकांची हकिगत चाळीच्या तिन्ही मजल्यांना पाठ झालेली होती, आणि तिच्याबद्दलचा समज दुरुस्त करण्याची गरज कोणालाही वाटली नाही. डोहाळजेवणात ओटी भरायला तिला आजही कोणी पुढे करत नाही.

मला अन्यायाइतकीच त्यातल्या क्रमाची चीड येते. मूल नाही, तिला तपासा. मुलगी झाली, तिला बोला. वास्तविक मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरते, हे आपण शाळेच्या पुस्तकात शिकलेलो असतो. लग्नानंतर सासऱ्यांचा धंदा बुडाला, तिचा पायगुण. छेड काढली गेली, ती त्या वेळी तिथे काय करत होती? दोष कोणाचा हे ठरण्याच्या कितीतरी आधी चौकशी कोणापासून सुरू करायची हे ठरलेले असते, आणि माझ्या मते पुरुषप्रधानता म्हणतात ती प्रामुख्याने इथे असते. आपणा सर्वांना काय वाटते?

दादर पश्चिम :
आपल्या बहिणीवर अन्याय झाला याबद्दल दुमत नाही. परंतु एका चाळीतल्या एका घराचा वृत्तान्त सांगून संपूर्ण समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला पटत नाही. ज्या शहरात 1992 पासून केवळ महिलांसाठी लोकल धावते आणि ज्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तिथे स्त्री अजूनही जणू गोठ्यात बांधलेली आहे अशा थाटात बोलणे हा अतिरेक आहे. शिवाय दोष चिकटवण्याचे काम कायद्याने पुरुषाच्या बाबतीतही केलेले आहे. हुंड्याच्या आणि छळाच्या तक्रारींत म्हाताऱ्या आईवडिलांसकट सरसकट अटका होत, आणि अखेर 2014 मध्ये अर्णेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच त्यांना लगाम घालावा लागला.

आणखी एक. आपल्या बहिणीच्या नवऱ्याने ती गोष्ट का लपवली, याचा विचार आपण केलात का? "नामर्द" हा शब्द त्याच चाळीतल्या जिन्यावर उभा असतो. तो पुरुषही त्याच समाजाचा बळी आहे.

फोर्टातली वकील :
अर्णेश कुमार निकालाचा उल्लेख वादात नेहमी होतो, परंतु तो निकाल सांगतो त्याहून बरेच अधिक त्याच्या तोंडी घातले जाते. अटक करण्यापूर्वी ती का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी नोंदवावीत आणि दंडाधिकाऱ्यांनी ती तपासावीत, हा त्याचा गाभा आहे. आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या इतर गुन्ह्यांनाही हेच लागू राहील, असे त्यातच म्हटलेले आहे. छळाच्या कलमाचा गैरवापर होतो असे न्यायालय म्हणाले, हे मी नाकारत नाही. पण त्यावरून तक्रार करणारी प्रत्येक बाई खोटारडी असा अर्थ काढणे, म्हणजे पुन्हा चौकशी तिच्यापासून सुरू करणेच झाले. शिक्षा झाली नाही म्हणून तक्रार खोटी, हेही चुकीचे आहे. कित्येक जणी मुलांकडे पाहून, माहेरच्यांच्या दबावाने किंवा तारखांना कंटाळून तडजोड करतात, हे मी रोज पाहते.

क्रमाचेच बोलायचे तर आपल्या राज्यातला मथुरा खटला आठवावा. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडताना तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचा मुद्दा धरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या व तिने विरोध केल्याचे दिसत नव्हते. पोलीस ठाण्यात रात्री वर्दीतल्या माणसाला विरोध कसा करतात, हे मात्र कोणी सांगितले नाही. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे साक्षी पुराव्याच्या कायद्यातले कलम जायला त्यानंतरही सुमारे वीस वर्षे लागली.

काळाचौकीच्या मावशी :
माझे वय सदुसष्ट आहे आणि मी सूनही होते व सासूही आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. पायगुण हा शब्द मी कोणा पुरुषाच्या तोंडून क्वचितच ऐकला. गिरणी संपाच्या वेळी, म्हणजे 1982 साली, मी या घरात नवी आले. त्या वर्षी अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि तरीही माझ्या सासूबाईंच्या मते आमची चूल थंड पडली ती माझ्या पावलांमुळे. सासरे एका शब्दाने मला बोलले नाहीत. ओटी भरायला पुढे न करणाऱ्याही बायकाच असतात. तेव्हा सगळे खापर पुरुषांच्या माथी फोडू नये. बाईच बाईची वैरीण असते, हे जुने लोक उगीच म्हणत नसत.

विरार लोकल :
जावयाचा पायगुण वाईट निघाला, असे वाक्य कोणी कधी ऐकले असल्यास कृपया लिहावे. मी जागा धरून बसलो आहे.

दादर पश्चिम :
मावशींचे म्हणणे माझ्या मुद्द्याला बळच देते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सात कारणे पुढे ठेवून विचारले होते की त्यांपैकी एखाद्या कारणासाठी नवऱ्याने बायकोवर हात उगारणे योग्य आहे का. त्याला 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी होकार दिला. मग या व्यवस्थेला पुरुषप्रधान का म्हणायचे?

खेतवाडीची :
मावशी, आपला अनुभव मी खोडत नाही. पण सासरे एका शब्दाने बोलले नाहीत, हे आपण त्यांच्या बाजूचे म्हणून सांगितलेत, आणि मला नेमके तेच खटकले. अडीच लाख माणसे संपावर असताना नव्या सुनेचे पाऊल कसे काय आडवे येते, एवढे त्यांनी आपल्या पत्नीला विचारले असते तर तो विषय त्याच दिवशी संपला असता, कारण घरात त्यांचा शब्द अखेरचा होता. सासूचा अधिकार हा बहुतेक वेळा मुलाची आई म्हणून मिळालेला, म्हणजे उसना असतो. तो टिकवायचा तर मुलाला निर्दोष ठेवावेच लागते, आणि मग दोष जायला घरात एकच जागा उरते.

आपण दिलेल्या आकड्यांचा अर्थही मला हाच दिसतो, दादर पश्चिम. मार खाणाऱ्यालाही मार योग्य वाटू लागतो, तेव्हा ती व्यवस्था मारणाऱ्याची नाही असे होत नाही, उलट ती किती खोल रुजली आहे एवढेच कळते.

परळची परिचारिका :
वंध्यत्वाच्या बाह्यरुग्ण विभागात अनेक वर्षे काम केल्यामुळे लिहिते. पुरुषाची तपासणी म्हणजे दोन ते सात दिवसांचा संयम, एक नमुना आणि एक अहवाल. टोचणे नाही, भूल नाही, खर्चही थोडा. बाईच्या बाबतीत गर्भाशयात रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र काढतात, ते पुष्कळ जणींना चांगलेच दुखते. दुर्बिणीसाठी तर पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून दोघांची तपासणी बरोबरीने सुरू करावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. प्रत्यक्षात बाई फाइल घेऊन सासूबरोबर येते आणि नवरा कामावर असतो. मी कित्येकदा विचारले आहे, "ते कधी येतील?" त्यावर उत्तर सासू देते.

नसबंदीचेही तेच आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची असते, तरी दादरकरांनी ज्या सर्वेक्षणाचा आधार घेतला त्याच सर्वेक्षणात देशातील स्त्री नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के आहे आणि पुरुष नसबंदीचे 0.3 टक्के. कारण विचारले की "त्यांना जड कामे असतात" असे सांगतात. पाण्याचे हंडे कोण उचलते हे मी विचारत नाही, ड्यूटी संपत नाही त्याने.

मुलुंडकर, मूळचा बुलढाण्याचा :
हा प्रश्न आमच्या गावच्या एका बाईने 1882 मध्येच विचारून ठेवला आहे. सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपले अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करून काळ्या पाण्याची झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या बदफैलीपणावर लेख येऊ लागले, तेव्हा ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून जे दुर्गुण बायकांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा जाब विचारला. त्या अर्भकाला बापही असणार, पण पिंजऱ्यात तो कुठेच नव्हता. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, त्यांच्या पुण्यातल्या घरी तर अशा विधवांसाठी 1863 पासूनच बालहत्या प्रतिबंधक गृह होते.

दादर पश्चिम :
फुल्यांचे नाव आपणच घेतलेत, म्हणजे बाजू घेणारे पुरुषही होतेच. मुंबईच्या रखमाबाईंचेच पाहा. बालपणी झालेल्या लग्नातील नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

फोर्टातली वकील :
आणि 1887 मध्ये त्याच उच्च न्यायालयाने 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असा आदेश दिला, तेही सांगावे. त्या वेळच्या टीकाकारांनी दोष बालविवाहाला दिला नाही, रखमाबाईंच्या इंग्रजी शिक्षणाला दिला. 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, मग त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

दादर पश्चिम :
तपासणीच्या क्रमाचा मुद्दा मला मान्य आहे; परिचारिकाबाईंनी लिहिल्यानंतर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. "नामर्द" या शब्दाबद्दल मात्र कोणीच उत्तर दिलेले नाही. आणि शेवटी एक विचारतो. अहवाल हाती आल्यावर आपली बहीण तीन वर्षे गप्प का राहिली? चाळीत एका वाक्यात सांगता आले असते. गप्प राहणे ही तिचीही निवड नव्हती काय?

खेतवाडीची :
तो शब्द क्रूर आहे आणि त्याच्या भीतीने पुरुष मिटून जातात, हे मला मान्य आहे. फरक एवढाच की त्या शब्दापासून त्याला वाचवायला सारे घर उभे राहिले, आणि "वांझ" या शब्दाच्या वेळी तेच घर ऐकत बसले होते. त्या शब्दाचा भार कमी करण्याचा एक उपाय त्या घरापाशी होता. त्यांनी तो भार तिच्याच डोक्यावर ठेवला.

राहिला गप्प राहण्याचा प्रश्न. आपण सज्जनपणे विचारलात, म्हणून रागावत नाही. पण हाही प्रश्न आपण तिच्यापासूनच सुरू केलात, हे एकदा वाचून पाहा.

दादर पश्चिम :
वाचले. खरे आहे. मग नवऱ्याला कोणी विचारले का?

खेतवाडीची :
मी विचारले, गेल्या दिवाळीत. तो वाईट माणूस नाही, बराच वेळ खाली मान घालून बसला आणि म्हणाला, "आई आहे तोवर नको." आई बहात्तर वर्षांच्या आहेत, आणि रोज सकाळी चौपाटीपर्यंत चालत जाऊन येतात.