कापरातून उगवलेलं काळं ॲसिटोनने करडं झालं. आता काय करू?

कापूरआरती:

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. फिजिक्सचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा. आमच्या लॅबमध्ये धातूचा पातळ थर चढवायला ना ई-बीम, ना स्पटरिंग. एक जुनी ट्यूब फर्नेस, क्वार्ट्झची नळी आणि आर्गनचा सिलिंडर, एवढाच संसार. म्हणून सरांनी कापराची पद्धत सुचवली. कापूर आणि फेरोसीन (लोखंडाचं संयुग; त्यातल्या लोखंडाच्या कणांवर नळ्या उगवतात) वजनाने २०:१ घेऊन खलात घोटायचं, पोर्सेलीनच्या बोटीत (होडीच्या आकाराच्या छोट्या वाटीत) भरायचं, बोटीपाशी नळीला हीटिंग टेप गुंडाळून साधारण २०० अंशांवर ठेवायचं. पुढे फर्नेस ८५० वर, आत क्वार्ट्झचे नखाएवढे तुकडे.

पहिल्या दोन वेळा बोट फर्नेसच्या तोंडाशी सरकवून ठेवली होती. आतलं तापमान चढेपर्यंत सगळा कापूर अक्षरशः कापूर झाला आणि पलीकडच्या थंड टोकाला पांढरे खडे जमून बबलरची (वायू ज्या द्रवातून बुडबुड्यांनी बाहेर पडतो त्या बाटलीची) नळी बुजली. तिसऱ्या वेळी जमलं. तुकडा इतका काळा की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब शोधून सापडेना.

मग मी नको तो शहाणपणा केला. कडेला पिवळसर थर दिसला म्हणून ॲसिटोनचे चार थेंब सोडले. वाळल्यावर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या आणि काळ्याचं करडं झालं. चिमट्याने धरलेला कोपरा तर चक्क चकाकतोय. धुण्याआधी स्पेक्युलर जोडणीवर परावर्तन ०.३% आलं होतं. ते रिपोर्टात लिहू का? आणि हा तुकडा वाचेल का?

भट्टीकाका:

नाही वाचणार. नवा कर, कापूर काही महाग नाही.

झालं काय ते सांगतो. तुझ्या नळ्या ज्वारीच्या उभ्या पिकासारख्या दाटीने वाढल्या होत्या. दाटीने म्हटलं तरी आत बहुतेक हवाच. अशा उभ्या नळ्यांच्या रानात, म्हणजे फॉरेस्टमध्ये, प्रत्यक्ष कार्बनने व्यापलेली जागा काही टक्केच असते. काळेपणा येतो तो त्यामुळे. काचेचा अपवर्तनांक १.५, म्हणून सरळ पडलेल्या उजेडातला ४% तिच्या पृष्ठभागावरून परततो. फॉरेस्टचा सरासरी अपवर्तनांक १.०२ धरलास तर हाच हिशोब ०.०१% वर येतो. उजेडाला आपण हवेतून दुसरीकडे शिरलो हे कळतच नाही, आणि आत गेल्यावर नळ्या त्याला गिळतात. नुसत्या कार्बनला एवढा काळेपणा नसतो. पेन्सिलीने कागदाचा एक कोपरा गच्च रंगव आणि उजेडात तिरका धर, चकाकेल.

ॲसिटोन वाळताना पृष्ठताणाने नळ्या एकमेकींना ओढतात, ओल्या ब्रशचे केस चिकटतात तशा. झुबके झाले, मध्ये भेगा पडल्या, झुबक्यात कार्बन दाटला, परावर्तन वाढलं. चिमट्याखाली पीक आडवंच पडलं.

आता जरा उलट बाजूने बघ. तुझा अपघात हाच लोकांचा प्रयोग आहे. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये फिरत्या बारीक टोकाने नळ्यांचे शेंडे आडवे निजवत नेले आणि काळ्या फॉरेस्टवर हवे तेवढेच आरशासारखे पट्टे काढले. नक्षीचा साचा (मास्क) नको, उजेडाने नक्षी छापायची लिथोग्राफी नको. तुझ्या बजेटात बसणारं आहे. उंची किती आहे?

कापूरआरती:

काका, धन्यवाद! तुकडा मोडून कडेने मायक्रोस्कोपखाली बघितलं तर साधारण ६० मायक्रॉन. एसईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) नंबर विद्यापीठात पुढच्या महिन्यात.

टिकलीएवढं:

मध्येच विचारते. कापूर कुठला, भीमसेनी की देवघरातला? आणि काचेच्या साध्या स्लाइडवर नाही का वाढवता येत?

भट्टीकाका:

दुकानातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो, पण रेणू तोच, C₁₀H₁₆O. चालतो. फक्त वडी जाळून बघा; मागे काही उरलं तर त्यात भेसळ आहे. नागोयाच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि आंदो यांनी कापरावर बरंच काम केलं आहे. रेणूतला ऑक्सिजन फालतू कार्बन जाळून टाकतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या पवईच्या आयआयटीतही महेश्वर शेरॉन यांनी कापराच्या कार्बनवर काम केलं. स्लाइड ८५० ला पापडासारखी वाकेल. ॲल्युमिनियमची फॉइलही नको, ती ६६० लाच वितळते. एमआयटीवाल्यांनी २०१९ मध्ये फॉइलवरच वाढवून ९९.९९५% शोषण मिळवलं, पण त्यांची रीत कमी तापमानाची.

राखाडी:

०.३ लिहू नकोस. स्पेक्युलर जोडणी फक्त आरशासारखा परतलेला उजेड मोजते. फॉरेस्ट तो चहूकडे विखुरतं, आणि तो विखुरलेला उजेड तुझ्या डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही. इंटिग्रेटिंग स्फिअर लागेल, म्हणजे सगळीकडे विखुरलेला उजेड गोळा करून मोजणारा पोकळ गोळा. तोवर आकडा द्यायचाच असेल तर पुढे ‘स्पेक्युलर, अमुक कोनात’ असं लिही. व्हायवाला परीक्षकाने पहिला प्रश्न हाच विचारला तर बोलती बंद होईल. अनुभवावरून सांगतोय.

दुसरं म्हणजे तुकडा मोडलास तेव्हा तोंडाला काय होतं? कापडी रुमाल चालत नाही. लांब, ताठ नळ्यांचे धागे फुप्फुसात ॲस्बेस्टॉससारखे वागू शकतात, आणि मल्टिवॉल (एकात एक अनेक भिंती असलेल्या) नळ्यांच्या एका प्रकाराला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटलं आहे. एन-९५ लाव, फ्यूम हूडमध्ये (हवा बाहेर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात) काम कर, टेबल ओल्या फडक्याने पूस, झाडू नकोस. बबलरमधून येणारा वायूही हूडमध्येच सोड. आणि तापवण्याआधी आर्गनने नळी नीट धुवून घेतेस ना?

कापूरआरती:

आर्गन वीस मिनिटं सोडते. रुमालाबद्दल गप्प बसते. 🙈

आज नवा तुकडा काढला, धुतला नाही. पिवळा थर फक्त फर्नेसबाहेरच्या थंड भागातला होता, म्हणून या वेळी तुकडे नळीच्या मधोमध ठेवले. मग शिवणाची सुई आडवी धरून, हूडमध्ये, मास्क लावून, एक ‘क’ गिरवला. पहिली रेघ जोरात गेली आणि फॉरेस्टच पापुद्र्यासारखं उचकटलं, खालचं क्वार्ट्झ उघडं पडलं. दुसऱ्यांदा सुईचं फक्त वजन पडू दिलं. समोरून बघितलं तर काहीच नाही. खिडकीकडे तिरकं केलं की ‘क’ चमकतो, अजून थोडं फिरवलं की पुन्हा गायब.

स्फिअर शेजारच्या शहरातल्या एका कॉलेजात आहे म्हणे, सर पत्र देतायत. तुकडा बसमधून न्यायचा कसा? साध्या डबीत झाकणाला घासेल.

भट्टीकाका:

तुकड्याची मागची बाजू दुहेरी टेपने खोल पेट्री डिशच्या तळाला चिकटव, झाकण सील कर आणि डिश मांडीवर घेऊन बस. बॅगेत नको. आणि रेघ कुठल्या दिशेने ओढलीस ते आजच वहीत लिहून ठेव, मोजताना लागेल.