एमबीए झालंय, आता पीएचडी की आधी एलएलबी? (नाशिक)

परचेसवाली_अंबड
नमस्कार मंडळी. एमबीए फायनान्स, 59 टक्के. अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं परचेस आणि करार बघतेय. लहान पुरवठादारांची बिलं का थकतात, यावर पीएचडी करायची आहे. विषय धंद्याचाही आणि कायद्याचाही. बाहेर जेडी-एमबीए अशी कायदा आणि मॅनेजमेंटची जोडपदवी असते, तसं इथे काही जमेल का? नोकरी सोडता येणार नाही, लेक आठवीत आहे. एक एजंट ‘घरबसल्या ऑनलाइन पीएचडी, दोन वर्षांत’ म्हणून पन्नास हजार आगाऊ मागतोय.

सीएस_गंगापूररोड
आधी त्या एजंटचा नंबर ब्लॉक करा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत ऑनलाइन किंवा दूरस्थ पीएचडी नाहीच, आणि किमान मुदत तीन वर्षं. अर्धवेळ मात्र चालते, कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. कोर्सवर्कला, म्हणजे पीएचडीच्या वर्गांना, रजा देऊ, हेही त्यातच लिहून घ्या, नंतर साहेब बदलतात.
जेडी-एमबीए अमेरिकेतली. तीन अधिक दोन वर्षांचं काम साधारण चारात होतं. तुमच्या थकलेल्या बिलांना तिचा काय उपयोग?

खडूफळा
मी मॅनेजमेंट शिकवते. कायद्यातली पीएचडी हवी तर आधी तीन वर्षं एलएलबी, मग एलएलएम. नाशकात एनबीटी लॉ कॉलेज आहे, मविप्रचंही आहे, पण बार कौन्सिलची 70 टक्के हजेरी आणि तुमची नोकरी यांचं गणित बसवून बघा. मॅनेजमेंटला मात्र तुम्ही आजच पात्र आहात, पदव्युत्तरला 55 टक्के पुरतात. जून 2024 पासून यूजीसीच्या नेट परीक्षेच्या गुणांवरही पीएचडीला प्रवेश मिळतो.
गाइड निवडताना त्यांचं निवृत्तीचं वर्ष विचारा. लाजू नका. माझे दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले, नवे मिळेपर्यंत आठ महिने नुसती सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, उराशी धरून बसले. जागाही बघा: प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी, सहयोगीकडे सहा, सहाय्यककडे चार.

सीएस_गंगापूररोड
आणि विषय जरा आवळा. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. कायदा इतका कडक असून बिलं थकतात कशी?

परचेसवाली_अंबड
कशी ते रोज बघते हो. एक काका दर मंगळवारी गेटपास काढून रिसेप्शनला बसतात, प्लास्टिकच्या पिशवीत चलनं. मीच हळूच म्हटलं, फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे या कायद्यात थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेकडे, अर्ज करा. तर म्हणाले, “ताई, मग पुढची पीओ (परचेस ऑर्डर) कोण देणार?”

खडूफळा
झालं की! कलम अपुरं आहे का, हा कायद्याचा प्रश्न. काका अर्ज का करत नाहीत, हा मॅनेजमेंटचा. एलएलबी राहू द्या, कायद्यातला सहगाइड मागा.
पण एक गोची आहे. तुम्ही परचेसच्या बाई. तुमच्या प्रश्नावलीवर तुमचा पुरवठादार खरं लिहील?

परचेसवाली_अंबड
बाप रे, नाही लिहिणार. सगळे ‘पेमेंट वेळेवर मिळते’वर टिक करतील.
मग सिन्नर. तिथल्या कुणाकडूनच आमचा माल येत नाही. तिकडे लेथवाल्यांशी कुणाची ओळख आहे का?