गोल तळाच्या बोर्डला कोणती फिन लावावी?

घाटावरचा, व्हेंचुरा
गेल्या महिन्यात ७ फूट २ इंचांचा जुना सर्फबोर्ड घेतला. विकणाऱ्याने तीन फिन्स (तळाला मागे लावायचे पंख) लावूनच दिला, तिन्ही साडेचार इंची. इथल्या सी स्ट्रीटच्या लाटांवर तीन सकाळी घालवल्या. लाट मिळते, पण मागचा पाय दाबून वळवायला गेलं की बोर्ड रुतल्यासारखा थांबतो आणि लाट पुढे निघून जाते. माझ्या ६ फुटी बोर्डवर याच फिन्स मस्त चालतात. चुकतंय काय?

मीठपाणी
मधली फिन मोठी लावून बघा. बाजूच्या असू द्या, एकाच फिनवर शेपूट, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, घसरते.

दर्यावर्दी
बाजूच्या ठेवायचा सल्ला मला पटत नाही. आधी तळ बघ. बोर्ड उलटा ठेव, रुंदीत आडवी स्टीलची फूटपट्टी धर. मधे टेकून दोन्हीकडे डुलली तर तळाला पोट आहे, म्हणजे तुझ्याकडे हल, गोल तळाचा बोर्ड, आहे.

ऑस्ट्रेलियाचा सर्फर सायमन अँडरसन याने १९८१ मध्ये तीन फिन्सचा बोर्ड गाजवला, तो मागच्या पायाने वळवायचा. बाजूच्या फिन्स नाकाकडे किंचित तिरप्या असतात, शेपूट दाबली की पाणी धरतात. पोटवाला बोर्ड पाण्यावरून सरकत नाही, पाण्यात बसून चालतो, आमच्या मालवणच्या होडीसारखा. त्याला वळवायचं म्हणजे भार पुढे ठेवून अख्खी कड पाण्यात कलवायची. बाजूच्या फिन्स नेमक्या त्या कलण्याला आडव्या येतात. अशा बोर्डला कुणी बाजूची भोकं पाडली की मला खरंच वाईट वाटतं.

दोन्ही काढ. मधे एकच लवचीक फिन लाव, नऊ-साडेनऊ इंची, बुडाशी रुंद, टोकाला पातळ. टोक अंगठ्याने दाबलं की वाकायला हवं आणि सोडताक्षणी परत यायला हवं. वळणातून बाहेर पडताना तोच झटका बोर्डला पुढे ढकलतो. सांता बार्बराच्या जॉर्ज ग्रीनोने माशाच्या शेपटीकडे बघून अशी फिन घडवली. सुरुवातीला फिन बसवायच्या लांब खाचेच्या मधोमध बसव.

घाटावरचा, व्हेंचुरा
दादा, पट्टी मधेच टेकली, कडेला खालून पेन्सिल आरामात गेली! काल साडेनऊची लावली. पहिल्या लाटेवर सवयीने मागे दाबलं आणि घसरलो. मग पुढचा पाय वीतभर पुढे घेतला, गुडघा वाकवून नुसता कललो. बोर्ड न थांबता पार धक्क्याच्या दिशेने निघाला. फिन आता अर्धा इंच पुढे घेऊ का?

दर्यावर्दी
कमरेएवढी लाट असेल त्या दिवशी घे, वळायला हलका होईल. छातीएवढी असेल तर मधेच ठेव, पकड लागते.