शब्दचर्चा: ‘रिस्पॉन’चं बटण मराठीत

ओंजळ

शाळकरी मुलांसाठी बनवलेल्या एका मोबाईल गेमचं मराठीकरण करतेय. पळापळी, लपाछपी, पकडापकडी असा गेम आहे. बरंचसं काम हातावेगळं झालंय, एका ठिकाणी गाडं अडलंय.

आउट झालेला खेळाडू पुन्हा सुरुवातीच्या जागेवर उगवतो, त्याला रिस्पॉन म्हणतात. आपल्याच गड्याने येऊन पडल्या जागी उठवलं, तर ते रिव्हाइव्ह. दोन वेगळी बटणं आहेत, म्हणून दोन वेगळे शब्द हवेत. आमच्याकडे आलेल्या शब्दांच्या यादीत दोन्हींसाठी ‘पुनरुज्जीवन करा’ एवढंच आहे. सातवीतल्या भाच्याला विचारलं तर म्हणाला, “मावशी, पुनरुज्जीवन नदीचं करतात ना?” तो मुठेच्या बातम्या ऐकत वाढलाय. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

बटणावर दहा अक्षरं मावतात, आणि ही मोजणी यंत्राची आहे. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं सुटं मोजलं जातं. ‘पुनरुज्जीवन’ एकटंच अकरा भरतं.

आणखी एक. ‘तू आउट झालास’ लिहू की ‘झालीस’? खेळणारा मुलगा आहे की मुलगी, हे गेमला माहीत नसतं.

सदाशिवकर

‘पुन्हा जिवंत’. सरळ आहे, सर्वांना कळतं. लिहिताना ‘जि’ ऱ्हस्वच ठेवा. ‘जीव’ दीर्घ असला तरी ‘जिवंत’, ‘जिवाचा’, ‘जिवाला’ हे सगळे ऱ्हस्व. छापील जाहिरातींतसुद्धा ‘जीवंत’ दिसतं, निदान मुलांच्या हातातल्या वस्तूत तरी ते नको.

ओंजळ

‘पुन्हा जिवंत’ मधली मोकळी जागा धरून बारा भरतं, काका. दोनाने हुकलं.

हुतूतू

ओंजळताई, हा शब्द आपल्याकडे मैदानावर तयार पडलाय. कबड्डीत गडी ‘मरतो’ आणि ‘जिवंत होतो’. समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो, तोही क्रमाने, जो आधी बाद झाला तो आधी आत. या पद्धतीचं नाव संजीवनी. पूर्वी कबड्डीचे तीन प्रकार खेळले जायचे. संजीवनीत गडी परत येतो. गामिनीत एकदा बाद झाला की सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही, समोरच्याला फक्त गुण मिळतो. हल्ली स्पर्धांत जी कबड्डी दिसते ती संजीवनीच्या नियमाची.

म्हणून रिस्पॉनला ‘संजीवनी’. तुमच्या मोजणीने सात भरतं. नाम असल्यामुळे ‘हो’ की ‘व्हा’, ‘झालास’ की ‘झालीस’ यातलं काही आडवं येत नाही. आणि पब्जीत मित्राने वेळेत उचललं नाही, तर बहुतेक वेळा बाहेर बसून बघत राहावं लागतं. ती सरळसरळ गामिनी. या वर्गवारीला आपल्याकडे नावं असताना कोशातून ‘पुनरुज्जीवन’ कशाला उचलून आणायचं, हे मला खरंच कळत नाही.

कॅसेटवाला

संजीवनी सुंदर आहे, पण खेळणारं पोर तसं म्हणणार नाही. आम्ही नव्वदच्या दशकात पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या गेमच्या कॅसेटींवर वाढलो. कॅसेट म्हणजे पिवळं प्लॅस्टिक, खालच्या फटीत सोनेरी दात्यांची ओळ. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, त्या फटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर मारायची आणि परत दाबून बसवायची. पडद्यावर चौकोन चौकोन आले तर थोडी वर उचलून तिरकी बसवायची. हातात धरायचं ते ‘रिमोट’, भलेही त्याला वायर असो.

आणि जीव म्हणजे ‘लाइफ’, स्त्रीलिंगी. “माझी एकच लाइफ उरलीय, तू घे.” मारिओत तीन लाइफ, शंभर नाणी गोळा केली की एक वाढीव. कॉन्ट्रातही तीनच, पण सुरुवातीला वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी असं दाबून बी-ए केलं की तीस. हे ज्याला पाठ, तो वाड्यातला मोठा माणूस. मरून परत उभं राहण्याला आम्ही वेगळा शब्द कधी वापरला नाही. “मेलो” आणि “आलो परत” एवढंच. मुलांना आज ‘रिस्पॉन’ येतो, तर ‘रिस्पॉन’ लिहा. तोही सातातच बसतो.

सदाशिवकर

मग मराठीकरण करायचंच कशाला? लिपी बदलली म्हणजे भाषा बदलत नाही. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘दूरध्वनी’ हे सावरकरांनी दिले तेव्हाही लोक म्हणालेच होते की हे कोण बोलणार. आज तारखेच्या रकान्यावर ‘दिनांक’ छापलेलं असतं आणि कोणालाही खटकत नाही. मुलं पहिल्यांदा जो शब्द वाचतील तोच त्यांचा होईल. म्हणून पहिला शब्द मराठी असावा, असं माझं म्हणणं आहे.

कॅसेटवाला

काका, ‘दिनांक’ छापतात, बोलताना तारीखच म्हणतात. ‘दूरध्वनी’ घरात कोण म्हणतं? आणि तारीखही मुळात अरबी, तिला आपण कधीच घरात घेतलंय. माझ्या आईच्या फोनवर ‘विमान मोड’ लिहिलेलं येतं. तिला ते वाचता येतं, कळतं, तरी मला हाक मारताना म्हणते, “अरे, ते विमानाचं चित्र दाबलं गेलं.” छापलेला शब्द आणि तोंडातला शब्द यांची भेट झालीच पाहिजे, हा आग्रह धरून मुलांच्या खेळात अडथळा आणू नये.

चौकातली

तुम्ही दोघं कागदावर भांडताय, ताईंच्या दुसऱ्या बटणाकडे कुणाचंच लक्ष नाही. रिव्हाइव्हसाठी शब्द आहे आणि तोही मुलांचाच: ‘अमृत’!

विषामृत सगळेच खेळलो आहोत. ज्याच्यावर राज्य असेल तो शिवून ‘विष’ म्हणतो, शिवलेला तिथल्या तिथे खाली बसतो. आपल्यातलं कोणीतरी धावत येतं, हात लावून ‘अमृत’ म्हणतं आणि बसलेला उठून पळायला लागतो. तुम्ही वर्णन केलेलं बटण हुबेहूब हेच करतं. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात चौक लहान, त्यामुळे अमृत द्यायला जाणारीच बहुधा विष घेऊन बसायची. तरी जायचोच. ‘अमृत दे’ एवढं लिहा, मोकळ्या जागेसकट सात होतात.

तसंच मधे थांबायच्या बटणावर ‘विराम’ लिहिलं असेल तर ते बदला. त्याला ‘टॅम्प्लीज’ म्हणतात. बुटाचा बंद सुटला, कुणाची आजी हाक मारतेय, मुठीवर ओठ टेकवून टॅम्प्लीज म्हटलं की तुम्हाला कोणी आउट करू शकत नाही. गेममधल्या त्या बटणाचा अर्थही तोच.

ओंजळ

‘अमृत दे’ वाचून मी उठून उभी राहिले. हे आधी का सुचलं नाही! टॅम्प्लीज नऊ भरतं, बसेल.

आता वरच्या कोपऱ्यातलं. हृदयाची तीन चित्रं आणि शेजारी शब्द. ‘तीन जीव’ लिहिलं तर तीन प्राणी वाटतात. ‘प्राण’ लिहावं, तर तो बहुधा अनेकवचनी, ‘प्राण गेले’. एकच उरला की ‘एक प्राण’ कानाला टोचतं.

हुतूतू

‘जीव: ३’ असं लिहा. संख्या मागे गेली की प्राणी वाटत नाहीत. तुमचा झालास-झालीसचा प्रश्नही त्यानेच सुटतो. ‘जीव गेला!’ यात कर्ता जीव आहे आणि तो पुल्लिंगी, खेळणारी मुलगी असो वा मुलगा.

माहेरवाशीण

‘जीव गेला’ मुलांच्या पडद्यावर? मला नाही आवडलं. आमच्याकडे दिवेलागणीला कोणी खेळता खेळता ‘मेलो’ म्हणालं की आजी आतून ओरडायची, “आउट म्हणा, मरू नका.” माझी मुलंसुद्धा ‘आउट’च म्हणतात. आउट इतका मुरलाय की गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कोणी ‘बाद’ म्हणत नाही, तो वर्तमानपत्रापुरता.

हुतूतू

ताई, कबड्डीच्या मैदानावर आजही बादच म्हणतात. खो-खोतही. खो-खोचे पहिले नियम पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर बसले. हे शब्द पेपरात मैदानावरून गेले, पेपरातून मैदानावर आले नाहीत. गल्ली म्हणजे फक्त क्रिकेट, असं धरून चालणं मला पटत नाही.

इचलकरंजीकर

मधेच विचारतो. वर ‘राज्य असेल तो’ असं आलंय. आमच्याकडे त्याला ‘डाव’ म्हणतात. “तुझ्यावर डाव आला”, “डाव दिल्याशिवाय घरी जायचं नाही”. पुण्यात नोकरीसाठी आलो, सोसायटीतली पोरं म्हणाली, “काका, तुमच्यावर राज्य.” मला वाटलं मान मिळाला. ज्याला सगळ्यांच्या मागे धापा टाकत पळायचंय त्याच्यावर राज्य कसं? ‘लपंडाव’ शब्दातच डाव बसलाय. गेममध्ये पुणेरी ‘राज्य’ घातलं, तर आमच्या भागातल्या पोरांना ते परकं वाटेल.

चौकातली

राज्य बरोबर आहे. बाकीचे रयत, ते लपतात, पळतात. पकडायचा अधिकार एकट्याचा. अधिकार कष्टाचा असतो, एवढाच त्याचा अर्थ.

सदाशिवकर

ही झाली लोकव्युत्पत्ती. ऐकायला गोड, पुरावा काही नाही. मला तरी ‘राज्य’ हे ‘राज्य करणे’शी जोडावंसं वाटत नाही.

कॅसेटवाला

मग कशाशी जोडता तेही सांगा. ‘डबा ऐसपैस’ तर सरळ ‘आय स्पाय’ आहे. दिसला की नाव घेऊन ओरडायचं, ‘मी पाहिलं’. टॅम्प्लीज म्हणजे ‘टाइम प्लीज’, तेही इंग्रजी, ऐसपैस इंग्रजी. वाड्यातल्या पोरांनी दोन्ही असे चघळले की आज शुद्ध मराठीच्या बाजूने बोलणाऱ्या ताई टॅम्प्लीज सुचवतात. रिस्पॉनलाही पोरांच्या तोंडात थोडे दिवस राहू द्या, त्याचं काय होतं ते बघू.

सदाशिवकर

‘ऐसपैस’ हा जुना मराठी शब्द आहे, मोकळंढाकळं, प्रशस्त. ऐसपैस घर, ऐसपैस बसा. लाथाडलेला डबा लांब जातो आणि सगळे चौफेर पांगतात, त्यावरून नाव पडलं असणार. प्रत्येक गोष्ट इंग्रजीला बहाल करायची घाई कशाला?

माहेरवाशीण

ताईंच्या गेममध्ये लहान मुलांसाठी सोपी पातळी असेलच. तिला ‘कच्चा लिंबू’ नाव द्या. धाकट्यांना खेळायला घ्यायचं पण त्यांच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही, याहून मायाळू नियम मला तरी माहीत नाही.

सदाशिवकर

कच्चं लिंबू. लिंबू नपुंसकलिंगी आहे.

माहेरवाशीण

इथे ते लिंबू नाही, तो लहान मुलगा आहे. “हा कच्चा लिंबू आहे, याला आउट करू नका.” पुण्यात मी आयुष्यभर असंच ऐकलंय.

इचलकरंजीकर

आणि मुलगी असेल तर? कच्ची लिंबू?

माहेरवाशीण

हो, ‘ती आमची कच्ची लिंबू’ म्हणायचो. त्यात काही खटकायचं नाही.

सदाशिवकर

मला खटकतं. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं, माणसाच्या नाही. हे सोडलं की ‘ही गेम’ म्हणणारी पिढी तयार होते.

कॅसेटवाला

‘ही गेम’ मीही म्हणत नाही. तो गेम. पण माझी पुतणी आणि तिच्या मैत्रिणी सरसकट ‘ती गेम’ म्हणतात. त्यांचं म्हणणं, मॅच स्त्रीलिंगी, रेस स्त्रीलिंगी, मग गेम का नाही?

हुतूतू

कारण खेळ पुल्लिंगी. आणि ‘त्याचा गेम केला’ असंच म्हणतात ना? ‘त्याची गेम केली’ कोणी म्हणत नाही.

ओंजळ

मंडळी, संध्याकाळपर्यंत यादी पाठवायचीय. ‘संजीवनी’ आणि ‘अमृत दे’ टाकतेय. ‘जीव गेला’ की ‘आउट’, यावर अजून कोणाचं काही असेल तर लवकर सांगा.

इचलकरंजीकर

हुतूतू, मी मुंबईत ‘गेम वाजवली’ ऐकलंय. तेव्हा तो पुरावा पक्का नाही. आणि परक्या शब्दाला मूळ मराठी शब्दाचंच लिंग मिळतं म्हणावं, तर पेनड्राइव्हचं काय? आमच्या ऑफिसात तो, ती आणि ते, तिन्ही चालतात, एकाच टेबलावर.

सदाशिवकर

पेनड्राइव्ह पुल्लिंगी. पेन नपुंसक असलं तरी.

चौकातली

पेन पुल्लिंगी आहे हो काका! तो पेन.

सदाशिवकर

ते पेन. शाळेत आम्हाला ‘तुझं पेन दे’ असंच शिकवलं.

कॅसेटवाला

‘तुझा पेन दे.’ पुण्यात नूमवि शाळेच्या आसपास वाढलेल्या कुणालाही विचारा.