सोसायटीच्या पिकलबॉल क्लबात सगळ्यांना खेळायला कसं मिळेल? सल्ला हवा

चाफेकळी:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुण्यात, बाणेरच्या बाजूला. जुन्या टेनिस कोर्टवर दोन पिकलबॉल कोर्टं आखून घेतली, फिरती नेट आणली, क्लब सुरू झाला. (पिकलबॉल म्हणजे पॅडल नावाच्या सपाट बॅटने आणि छिद्रांच्या प्लास्टिक बॉलने खेळायचा टेनिससारखा खेळ.) व्हॉट्सअॅप गटात चाळीसेक जण आहेत. आठवीतल्या पोरांपासून सत्तरी ओलांडलेल्या काकांपर्यंत सगळे.

संध्याकाळी सहा ते आठ या वेळात सोळा ते वीस जण खाली येतात. कोर्टवर एका वेळी आठच मावतात. नियम असा की जिंकेल तो कोर्ट सोडणार नाही. म्हणजे काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. ए विंगमधली चार पोरं आठ वाजेपर्यंत हलत नाहीत, बाकीचे बाकावर बसून मोबाईल बघतात. सुरुवातीला हौसेने पॅडल घेतलेल्या बायका आता परत बागेत फेऱ्या मारायला लागल्या आहेत. भांडण कुणाचंच नाही, पोरं चांगली आहेत, पण गाडी रुळावर नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नंबर कसे लावायचे? नवख्यांसाठी काय उपक्रम घ्यावेत? आणि कमिटीला २६ जानेवारीला सांघिक स्पर्धा हवी आहे, ती ए विंगच्या घशात न घालता कशी घ्यायची? कोच ठेवायला पैसे नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

डावखुरा:
पहिलं काम म्हणजे "जिंकेल तो राहील" हा नियम आजच्या आज काढा. रांगेत चार किंवा त्याहून जास्त लोक उभे असतील तर गेम संपला की चौघंही खाली, पुढचे चौघं वर. हरलेले जिंकलेले असा भेदच नको. रांगेत दोघंच असतील तर हरलेली जोडी उतरेल आणि जिंकलेल्या दोघांनी फुटायचं, म्हणजे एकेकाने नव्या भिडूबरोबर खेळायचं. जिंकलेली जोडी एकत्र ठेवायची नाही, ही त्यातली किल्ली.

रांग तोंडी ठेवू नका, पॅडलची ठेवा. कुंपणाला एक फळी ठोका, खाचा करा, आला की ज्याने त्याने आपलं पॅडल डावीकडून लावायचं. पहिली चार पॅडल्स पुढच्या गेमची. "मी तुझ्या आधी आलो होतो" हा संवादच संपतो. आणि मित्राचं पॅडल आपण लावून ठेवायचं नाही. माणूस खाली हजर असेल तरच पॅडल फळीवर.

गर्दीच्या वेळी ११ पर्यंत खेळा पण दोनच्या फरकाची अट सोडा. ११-१० ला संपलं म्हणजे संपलं.

शून्यशून्यदोन:
दुसरी बाजू मांडतो, कारण आमच्या क्लबातल्या "त्या चार पोरांपैकी" एक मी आहे (वय ४४, पोरगं म्हणताय तर आनंदच आहे).

चांगला गेम मिळावा म्हणून आम्हीही दिवसभर वाट बघतो. जोरात खेळणाऱ्याला नवख्याबरोबर टाकलं की समोरचे प्रत्येक बॉल नवख्याकडेच मारतात. जोरात खेळणारा उभ्याउभ्या सुकतो आणि नवख्याची फजिती होते. कुणालाच मजा येत नाही. रोज सक्तीची सरमिसळ केलीत तर ही पोरं पैसे भरून बाहेरच्या कोर्टवर जातील, आणि तुमच्या नवख्यांना शिकवणारं कुणी उरणार नाही.

म्हणून दिवस वाटून घ्या. आठवड्यातले दोन दिवस एक कोर्ट फक्त सरावलेल्यांचं, बाकी दिवस सगळ्यांचं. कोण सरावलेलं हे ठरवायला डीयूपीआरसारखं रेटिंग आहे (२ ते ८ अशी पट्टी असते), पण सोसायटीत त्याची गरज नाही. सर्व्ह बहुतेक वेळा आत पडते का आणि किचनच्या रेषेवर (नेटपासून सात फुटांवरची रेषा) येऊन दहा बॉल हळू खेळता येतात का, एवढं बघितलं तरी पुरे.

चाफेकळी:
@डावखुरा, फळीची कल्पना फारच आवडली, सुतारकाम करणारे एक काका आहेतच. @शून्यशून्यदोन, तुमचं म्हणणं पटलं, पण अडचण अशी की आमच्याकडे प्रत्येक जण स्वतःला सरावलेलाच समजतो.

गणिताची बाई:
रेटिंग, दिवस, वाद सगळं बाजूला ठेवून आठवड्यातून एक संध्याकाळ "फिरते भिडू" खेळून बघा. प्रत्येक जण प्रत्येकाचा भिडू एकेकदाच होतो, आणि गुण जोडीचे नाहीत तर ज्याचे त्याचे. ११-७ झालं तर जिंकलेल्या दोघांच्या खात्यात ११-११, हरलेल्यांच्या खात्यात ७-७. शेवटी ज्याची बेरीज जास्त तो त्या दिवसाचा राजा किंवा राणी.

पाच जण आणि एक कोर्ट असेल तर तक्ता असा. १ बाहेर: २-५ विरुद्ध ३-४. २ बाहेर: ३-१ विरुद्ध ४-५. ३ बाहेर: ४-२ विरुद्ध ५-१. ४ बाहेर: ५-३ विरुद्ध १-२. ५ बाहेर: १-४ विरुद्ध २-३. तपासून बघा, दहाच्या दहा जोड्या एकेकदा येतात आणि प्रत्येक जण एकदाच बसतो. आठ जण आणि दोन कोर्टं असतील तर सात फेऱ्यांत हेच साधतं, शिवाय कुणीच बसत नाही आणि प्रत्येक जण बाकी सगळ्यांविरुद्ध बरोब्बर दोनदा खेळतो. कागदावर मांडून फळीशेजारी चिकटवा.

शून्यशून्यदोन यांनी सांगितलेली अडचण इथे बरीचशी मिटते. हरलेल्या गेममधलेही गुण खात्यात जमा होतात. त्यामुळे कच्चा भिडू मिळाला तर पक्का खेळाडू तोंड वाकडं करत नाही, त्याला सांभाळून घेऊन २ चे ७ कसे होतील ते बघतो. स्वार्थापोटी का होईना, शिकवतो.

एडिसनकर:
न्यू जर्सीहून लिहितोय. इथल्या पार्कांत डावखुरा म्हणतात तशीच पॅडलची रांग असते आणि अनोळखी माणसंही निमूट पाळतात. मला इथे आवडलेला दुसरा प्रकार म्हणजे शिडी. कोर्टांना वरचं-खालचं असा क्रम द्यायचा. गेम संपला की जिंकलेले वरच्या कोर्टवर, हरलेले खालच्या, आणि गेल्या गेल्या जोडी फोडायची. तासाभरात जो तो आपल्या पातळीच्या माणसांत आपोआप जाऊन पोचतो. "मी सरावलेला" वगैरे कुणी जाहीर करायची गरज पडत नाही. मात्र दोनच कोर्टांवर शिडी लुटुपुटूची होते, तीन-चार तरी हवीत. तुमच्याकडे त्यापेक्षा गणिताच्या बाईंचा तक्ता बरा.

निवृत्त लेगस्पिनर:
चाफेकळीताई, नवख्यांबद्दल कुणी फार बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या ठाण्याच्या क्लबात सकाळची तुकडी मी सांभाळतो, बहुतेक साठीच्या पुढचे.

नवख्याला सगळे नियम एकदम सांगू नयेत. तीन पुरतात. सर्व्ह खालून, कमरेच्या खाली, समोरच्या तिरक्या चौकोनात. सर्व्हचा एक टप्पा आणि परतीचा एक टप्पा पडू द्यायचा, त्यानंतरच हवेतला बॉल मारायचा. आणि नेटपासून दोन्ही बाजूंना सात फुटांचं जे किचन आहे, त्यात उभं राहून हवेतला बॉल मारायचा नाही. टप्पा पडलेला खुशाल मारा. स्कोअर सुरुवातीला बाहेरच्या कुणीतरी ओरडावा. "शून्य शून्य दोन" ऐकून माणसं घाबरतात. आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि सर्व्ह करणारा पहिला की दुसरा, एवढंच असतं ते.

मग पहिला आठवडाभर त्यांना गेम खेळायला देऊच नका. किचनच्या रेषेवर चौघांना उभं करा, बॉल फक्त त्या सात फुटांतच पडला पाहिजे, ७ गुणांचा डाव. याला डिंकचा डाव म्हणतात (डिंक म्हणजे किचनमध्ये हळूच टाकलेला बॉल). यात ताकद कामाची नाही, त्यामुळे आठवीतली मुलगी आणि तिची आजी बरोबरीने खेळतात, आणि तुमची ए विंगची पोरं हमखास हरतात. (हे मुद्दाम सगळ्यांसमोर घडवून आणा.) दुसरा डाव अर्ध्या कोर्टवरचा एकेरी. मधल्या रेषेची एकच बाजू वापरायची. एका कोर्टवर चार माणसं दोन स्वतंत्र गेम खेळू शकतात, पळापळ कमी होते.

लहानांना लिंबू-टिंबू म्हणून फिरवू नका. मुळात हा खेळ १९६५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर सुरू झाला तो घरातल्या मुलांसकट सगळ्यांना एकत्र खेळता यावं म्हणूनच. बॅडमिंटनच्या कोर्टवर, हाताला आलेल्या लाकडी पॅडल्सनी आणि प्लास्टिकच्या छिद्रांच्या बॉलने. २० बाय ४४ फूट हे माप आजही बॅडमिंटनच्या दुहेरीचंच आहे. आपल्याकडे हा खेळ रुजवला मुंबईच्या सुनील वळावलकरांनी, २००८ साली त्यांनी अखिल भारतीय संघटना काढली.

एक गोष्ट सक्तीची करा. डोक्यावरून बॉल गेला तर उलट्या पावली पळायचं नाही. वळायचं आणि मग धावायचं, नाहीतर "घे" म्हणून भिडूला सोडायचा. साठीत मनगट किंवा खुबा मोडायची भीती असते ती या उलट्या धावेत. चालण्याचे बूट चालणार नाहीत, बाजूला पाय घसरताना आधार देणारे कोर्टचे बूट हवेत. डोळ्यांना संरक्षक चष्मा घ्या, नंबरचा साधा चष्मा त्यासाठी पुरत नाही. नेटजवळ बॉल फार वेगाने येतो. शेजारच्या कोर्टवरचा बॉल पायात आला की सगळ्यांनी "बॉल!" ओरडून खेळ थांबवायचा, गुण कितीही मोक्याचा असो.

डावखुरा:
लेगस्पिनर काका, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

संघमालक:
आता २६ जानेवारीचं बघू. माझा आग्रह आहे की विंगवार संघ करू नका. आणि तो लिलाव-बिलाव तर अजिबात नको. शेवटी जी दोन माणसं "शंभर रुपयांत" विकली जातात ती पुढच्या वर्षी दिसत नाहीत.

अमेरिकेत मेजर लीग पिकलबॉल म्हणून सांघिक लीग आहे, तिचा साचा उचला. संघात दोन बायका, दोन पुरुष. एका लढतीत चार गेम: बायकांची दुहेरी, पुरुषांची दुहेरी, मग दोन मिश्र दुहेरी. म्हणजे प्रत्येक जण दोनदा खेळतो आणि चारपैकी तीन गेममध्ये बाई कोर्टवर असतेच. तुमच्या ए विंगच्या पोरांना स्पर्धा जिंकायची असेल तर डिसेंबरपासून त्यांना बागेत फेऱ्या मारणाऱ्या बायकांना हाताला धरून परत आणावं लागेल. तुमचा पहिला प्रश्न या तिसऱ्या उत्तरातच सुटतो.

दोन-दोन बरोबरी झाली तर तिथे एकेरीचा निर्णायक खेळतात. २१ गुणांपर्यंत, आणि दर चार गुणांनी खेळाडू बदलतो, चौघांचीही पाळी येते. बघायला फार मजा येते, कारण ४-० ने मागे पडलेला संघ पुढच्या खेळाडूवर सगळं वसूल करतो. तुमच्याकडे ज्येष्ठ आहेत, तेव्हा निर्णायक अर्ध्या कोर्टवर घ्या.

संघ चिठ्ठ्यांनी पाडा, पण चार वाडग्यांतून. पक्के पुरुष, कच्चे पुरुष, पक्क्या बायका, कच्च्या बायका. प्रत्येक संघाला प्रत्येक वाडग्यातली एक चिठ्ठी. कोण कुठल्या वाडग्यात हे ठरवायला फिरत्या भिडूंच्या गुणांची बेरीज वापरा, म्हणजे कुणाच्या तोंडावर "तू कच्चा" म्हणायची पाळी येत नाही. कागदच बोलतो.

वेळेचा हिशोब आधी करा, इथेच स्पर्धा गडगडतात. सहा संघ धरू. सगळे सगळ्यांशी खेळले तर १५ लढती, ६० गेम. त्याऐवजी तीन-तीनचे दोन गट करा: गटातल्या सहा लढती आणि अंतिम मिळून सात. दोन कोर्टं आहेत, म्हणून बायकांची आणि पुरुषांची दुहेरी एकाच वेळी, मग दोन्ही मिश्र एकाच वेळी. प्रत्येक रॅलीला गुण द्या, सर्व्ह कुणाचीही असो, म्हणजे ११ चा गेम पंधराएक मिनिटांत आटोपतो. एका लढतीला अर्धा तास, साताला साडेतीन. झेंडावंदन झालं की नऊला सुरू करा, जेवणाआधी बक्षीस समारंभ. निर्णायकांसाठी अर्धा-पाऊण तास वर धरा.

शून्यशून्यदोन:
चार वाडगी झकास. एकच पुस्ती: मिश्र दुहेरीत सगळे बॉल बाईकडे मारायची सवय असते, आणि तिच्याच बाजूचा गडी तिच्या पुढ्यात घुसून सगळं आपणच मारतो. पहिल्यावर नियम करता येत नाही. दुसऱ्यावर कॅप्टनने डोळे वटारावेत. शक्य असेल तर कॅप्टन बाईच करा.

तळमजला:
मी खेळत नाही, माझी खिडकी कोर्टसमोर आहे. तो टॉक-टॉक आवाज टेनिसपेक्षा वेगळा असतो, दार लावलं तरी येतो. सकाळी सातच्या आधी आणि रात्री नऊनंतर नको, एवढं ठरवून फलकावर लिहा. नवख्यांच्या सरावाला स्पंजचे बॉल मिळतात, आवाज जवळजवळ नसतो. आमच्याकडे वाद मॅनेजिंग कमिटीपर्यंत जाऊन खेळच बंद पडला होता, तुमचा पडू नये.

चाफेकळी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी फळी करायला घेतली आहे. शनिवारी फिरते भिडू, मंगळवार-गुरुवार एक कोर्ट सरावलेल्यांना, रविवारी सकाळी डिंकचा डाव. ए विंगमधल्या एकाला धागा दाखवला. चार वाडग्यांचं वाचून त्याने आत्ताच विचारलंय की शेजारच्या काकू कधीपासून खेळायला येणार. वेळेचं तळमजला यांनी सांगितलं तसं कमिटीच्या पत्रातच घालते.

शेवटचा प्रश्न: आमचे बॉल फार लवकर फुटतात आणि वाऱ्याने भरकटतात. आणि नेट नेमकी किती उंच हवी? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

निवृत्त लेगस्पिनर:
तुमचे बॉल मोठ्या छिद्रांचे, २६ वाले असणार. ते हॉलमधले. उघड्यावर ४० बारीक छिद्रांचे, जरा कडक आणि जड बॉल घ्या, वाऱ्यात बरे टिकतात. फुटतात मात्र तेही. चीर गेलेला बॉल आवाजावरून ओळखू येतो, लगेच बाद करा. नेट कडेला ३६ इंच, मध्ये ३४. फिरती नेट मध्ये झोळ खाते, म्हणून खेळायच्या आधी रोज मध्यावर माप घ्या. फळीच्या दांडीवरच ३४ इंचाची खूण करून ठेवा, टेप शोधत बसायला नको.